ऑटोक्रॉसचा टायर: डांबरावर एक हिशेब, मुरमावर दुसरा

नाशिकच्या आसपास ऑटोक्रॉस (छोट्या आखलेल्या ट्रॅकवर घड्याळाविरुद्ध गाडी चालवायची स्पर्धा) खेळायचा म्हणजे दोन प्रकारची जमीन गृहीत धरावी लागते. एक म्हणजे मोकळ्या मैदानात मुरूम दाबून आखलेला मातीचा ट्रॅक. दुसरी म्हणजे डांबरी किंवा काँक्रीटच्या पटांगणावर प्लास्टिकचे शंकू (कोन) मांडून बनवलेला ट्रॅक. मातीची परंपरा इथे जुनी आहे. राष्ट्रीय मालिकेतली महाराष्ट्र रॅली याच भागातल्या कच्च्या रस्त्यांवर अनेकदा धावली आहे. गाडी तीच आणि चालवणारा तोच असला तरी टायरच्या बाबतीत या दोन जमिनींचे नियम जवळजवळ उलटे आहेत. डांबरावर हवा वाढवावी लागते, मुरमावर उतरवावी लागते. डांबरावर अर्धी झिजलेली नक्षी छान पकडते, तीच नक्षी मुरमावर वळणात सरळ घेऊन जाते. नवशिक्यांच्या हातून टायर वाया जातात ते बहुतेक वेळा एका जमिनीवरचा सल्ला दुसऱ्या जमिनीवर वापरल्यामुळे.

इथे गृहीत धरलेली गाडी म्हणजे रोजच्या वापरातली फ्रंट व्हील ड्राइव्ह हॅचबॅक: स्विफ्ट, पोलो, बलेनो, आय-ट्वेंटी यांसारखी. टायर रस्त्याचे, ट्यूबलेस रेडियल. खास रॅलीच्या टायरचे आकडे वेगळे असतात, ते त्या कंपनीच्या तक्त्यावरूनच घ्यावेत.

आधी हत्यारं

टायर बदलायच्या आधी खालच्या वस्तूंवर पैसे घाला. सगळ्या मिळून एका चांगल्या टायरच्या आसपासच बसतात.

हवेचा स्वतःचा डिजिटल गेज, ० ते ६० पीएसआय (टायरमधल्या हवेच्या दाबाचं माप) मापणारा. पेट्रोल पंपावरचे दोन गेज एकमेकांशी जुळतीलच असं नाही, आणि इथे आपण १-२ पीएसआयच्या फरकावर काम करणार आहोत. सगळी मापं एकाच गेजने घेतली की तो थोडा चुकीचा असला तरी चालतो, कारण चूक सगळीकडे सारखीच राहते. त्यासोबत १२ व्होल्टचा छोटा कॉम्प्रेसर किंवा पायाचा पंप, नक्षीची खोली मापायचा डेप्थ गेज, टॉर्क पाना, पांढरा खडू, बोथट स्क्रूड्रायव्हर, तारेचा ब्रश, गोणपाट आणि एक वही. इन्फ्रारेड थर्मामीटर असेल तर उत्तम, पण तो पृष्ठभागाचंच तापमान दाखवतो आणि रबराचा पृष्ठभाग भराभर थंड होतो. गाडी थांबल्यावर मिनिटाभरात मापलं नाही तर तो आकडा वहीत लिहूच नका.

टायरच्या बाजूवर काय लिहिलंय

डीओटी या अक्षरांनंतरच्या ओळीच्या शेवटी चार आकडे असतात. २३२४ असेल तर २०२४ सालचा २३वा आठवडा. जुन्या साठ्यातला टायर स्वस्त मिळतो, पण न वापरताही रबर कडक होत जातं. नख रुतवून बघा: ताज्या टायरच्या गोटीत (नक्षीतल्या रबराच्या ठोकळ्यात) नखाची खूण क्षणभर दिसते, कडक झालेल्यात नख नुसतं घसरतं.

ट्रेडवेअर, म्हणजे झिजेला टायर किती टिकतो हे सांगणारा आकडा, हा दुसरा. तो जितका कमी, तितकं रबर मऊ आणि पकड जास्त, अशी साधारण समजूत आहे आणि ती ढोबळमानाने बरोबर आहे. अमेरिकेतल्या ऑटोक्रॉसमध्ये रस्त्याच्या टायरच्या गटांसाठी २०० ही किमान मर्यादा रूढ आहे. आपल्याकडे हॅचबॅकच्या मापात मिळणारे टायर बहुधा ३००च्या वरचे असतात. मात्र हा आकडा कंपनी स्वतःच ठरवून छापते, त्यामुळे दोन वेगळ्या कंपन्यांचे आकडे शेजारी ठेवून निवड करू नका. एकाच कंपनीच्या दोन टायरमध्ये तुलना करायला तो उपयोगी पडतो.

बाजूवर जास्तीत जास्त हवेचा आकडाही असतो, बहुतेक ४४ किंवा ५१ पीएसआय. टायर गरम झाल्यावरसुद्धा तो ओलांडायचा नाही.

नवाकोरा टायर थेट स्पर्धेला लावू नका. साच्यातून सुटावा म्हणून वापरलेल्या द्रव्याचा पातळ थर नक्षीवर राहिलेला असतो. १५०-२०० किलोमीटर साध्या रस्त्यावर चालवला की तो निघून जातो.

हवा: सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात परिणामकारक बदल

हवेचं माप कधी घेतलं हे लिहिलं नसेल तर त्या मापाला अर्थ नाही. ३०-३५ पीएसआयच्या पट्ट्यात टायरचं तापमान साधारण ६ अंशांनी वाढलं की हवा १ पीएसआयने वाढते. डिसेंबरात नाशिकला सकाळी १० अंश आणि दुपारी २८ अंश असणं नेहमीचं. म्हणजे सकाळी सातला भरलेली ३४ची हवा गाडी न हलवताही दुपारी ३७ होते. त्यात गाडी अर्धी उन्हात आणि अर्धी सावलीत उभी असेल तर दोन्ही बाजूंच्या टायरमध्ये १-२ पीएसआयचा फरक पडतो. ज्याला आपण 'गाडी डावीकडे जास्त घसरते' म्हणतो, ते कधी कधी एवढंच असतं. गाडी सावलीत लावा, नाहीतर उन्हाच्या बाजूच्या टायरवर गोणपाट टाका, आणि चारही टायर एकाच वेळी मापा.

मुंबईकडून येणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर आहे. बाहेरच्या हवेचा दाब इथे १ पीएसआयच्या आसपास कमी असतो, आणि गेज टायरच्या आतल्या आणि बाहेरच्या दाबातला फरक दाखवतो. घरी भरलेली ३२ची हवा कसारा घाट चढून आल्यावर, टायर पुन्हा तेवढाच थंड झाल्यावरही, ३३ दिसते. पोहोचल्यावर नव्याने मापायचं आणि तिथूनच हिशेब सुरू करायचा.

हवेऐवजी नायट्रोजन भरावा का, असं नेहमी विचारलं जातं. साध्या हवेतही सुमारे ७८ टक्के नायट्रोजनच असतो. फरक पडतो तो ओलाव्याने. दुकानातल्या कॉम्प्रेसरच्या टाकीत पाणी साचलेलं असेल तर ती दमट हवा गरम झाल्यावर जास्त फुगते. टाकीचं पाणी रोज काढणारा टायरवाला सापडला की नायट्रोजनची गरज उरत नाही.

डांबरावर

कोनांच्या ट्रॅकवरचा एक रन, म्हणजे घड्याळावर मोजलेली एक फेरी, साधारण ४० ते ६० सेकंदांचा असतो, बहुतेक दुसऱ्या गिअरमध्ये. वळणं घट्ट आणि लागोपाठ. पुढच्या टायरवर स्टिअरिंग, ब्रेक आणि इंजिनची ओढ अशी तिन्ही कामं, शिवाय गाडीच्या वजनापैकी ६० टक्क्यांच्या आसपास भार. वळणात बाहेरचा पुढचा टायर जवळजवळ एकटाच काम करतो. रबराचा स्वभाव असा की भार दुप्पट झाला म्हणून पकड दुप्पट होत नाही, दुपटीपेक्षा कमी होते. म्हणून त्या एका टायरला जपणं हेच डांबरावरचं मुख्य काम.

रस्त्याच्या टायरची बाजू मऊ असते. ३० पीएसआयवर जोरात वळवलं की टायर रिमखाली दुमडतो आणि नक्षीऐवजी खांदा (नक्षी आणि बाजू यांच्यामधली कड), कधी तर बाजू, डांबरावर घासते. पकडही जाते आणि खांदाही. त्यामुळे सुरुवात पुढे ३८, मागे ३४ अशी करा, थंड टायरवर. मग खडूने ठरवा:

१. प्रत्येक टायरवर तीन ठिकाणी, बाजूपासून नक्षीच्या कडेपर्यंत, खडूची जाड आडवी रेघ ओढा. बऱ्याच टायरच्या खांद्यावर छोटा त्रिकोण असतो. एक रेघ त्याच्यावरून जाऊ द्या.

२. एक पूर्ण रन मारा. हळू चालवून उपयोग नाही, स्पर्धेच्या वेगातच.

३. थांबल्या थांबल्या बघा. खडू त्रिकोणाच्या टोकापर्यंत पुसला गेला असेल तर हवा बरोबर. त्रिकोणाच्या खाली, बाजूवर पुसला असेल तर २ पीएसआय वाढवा. नक्षीच्या कडेवरही खडू शिल्लक असेल तर २ पीएसआय उतरवा.

४. पुन्हा खडू, पुन्हा रन. तीन रनमध्ये आकडा सापडतो.

टायर तापत जातो तशी हवा वाढत जाते, हे लक्षात ठेवा. पहिल्या रनआधी ३८ ठेवलेली हवा चौथ्या रनपर्यंत ४२ होऊ शकते, आणि मग टायर मधोमध फुगून मधल्या पट्टीवर चालू लागतो. दर दोन रननंतर मापा आणि सापडलेल्या गरम आकड्यावर परत आणा. दुसऱ्या दिवशी थंड टायरवर सुरुवात करताना मात्र थंड आकडाच वापरायचा. वहीत दोन्ही आकडे वेगळ्या रकान्यांत लिहा, कारण सर्वात जास्त गोंधळ इथेच होतो.

पुढचा आकडा ठरल्यावरच मागच्याला हात लावा. गाडी वळायला तयार नसेल, नाक बाहेर जात असेल, तर मागे २ पीएसआय वाढवून बघा. मागची पकड थोडी कमी होते आणि शेपूट वळायला मदत करते. एका वेळी २च, आणि ओल्या डांबरावर हा प्रयोग अजिबात नको.

नक्षीची खोली डांबरावर अडचण ठरते. नव्या टायरची नक्षी ७-८ मिलिमीटर खोल असते. उंच गोट्या वळणात आडव्या लवतात, त्या लवण्यातून उष्णता तयार होते, आणि उन्हाळ्यात गोट्यांच्या कडा फाटू लागतात. कोरड्या डांबरासाठी ३ ते ४ मिलिमीटर उरलेला टायर नव्यापेक्षा चांगला. म्हणून रोजच्या वापरात तेवढा झिजलेला, पण पाच वर्षांच्या आतला आणि बाजूला चीर नसलेला सेट स्पर्धेसाठी वेगळा काढून ठेवावा. कायद्याची मर्यादा १.६ मिलिमीटर आहे. खोबणीतल्या छोट्या उंचवट्यांना नक्षी टेकली की टायर बाद. पाऊस असेल तर हिशेब उलटतो. ३ मिलिमीटरखाली पाणी बाहेर फेकण्याची ताकद झपाट्याने घटते, तेव्हा जास्त खोलीचे टायर लावा आणि त्यातलेही चांगले दोन मागे. मागची पकड आधी सुटली तर गाडी फिरते, आणि ते सावरणं पुढची पकड सुटण्यापेक्षा कितीतरी अवघड आहे.

उष्णतेचं गणित ऋतूप्रमाणे बदलतं. थंडीतल्या सकाळी पहिल्या रनला टायर कामाच्या तापमानाला पोहोचतच नाही. त्या रनमध्ये पहिली दोन वळणं राखून घ्या. एप्रिल-मेमध्ये डांबर पन्नास अंश ओलांडतं आणि एकाच गाडीत दोघे आळीपाळीने धावत असतील तर टायरला थंड व्हायला वेळच मिळत नाही. नक्षी ८०-९० अंशांच्या वर गेली की रस्त्याचं रबर तुपट वाटू लागतं. तेव्हा पाणी मारा. द्राक्षबागेत वापरतात तसला हातपंपाचा फवारा यासाठी एकदम योग्य आहे, पण पंप नवाच घ्या. औषधं मारलेल्या पंपात तेलकट अंश उरतो. तो टायरची पकड घालवतो आणि तुमच्या हातांनाही घातक आहे. बारीक फवारा, फक्त नक्षीवर, टायरमागे पाव लिटर पुरे. तापलेल्या ब्रेक डिस्कवर पाणी जाऊ देऊ नका, ती वाकडी होऊ शकते. स्टार्टला जाण्याआधी टायर कोरडा झालेला हवा.

पॅडॉक (गाड्या उभ्या करायची जागा) मातीचा आणि ट्रॅक डांबरी असेल तर स्टार्टच्या अलीकडे ओलं गोणपाट अंथरा आणि त्यावरून गाडी न्या. गोट्यांच्या मधले खडे बोथट स्क्रूड्रायव्हरने काढा. पहिल्या वळणावर गाडी सरळ जाण्यामागे अनेकदा एवढं एकच कारण असतं.

मुरमावर

मातीवर पकड येते ती वेगळ्या प्रकारे. डांबरावर रबर खडबडीत पृष्ठभागाला चिकटतं आणि त्याच्या उंचसखल कणांत रुतून बसतं. मातीवर गोटीच्या कडेने वरचा सुटा थर कापून खालच्या टणक थरापर्यंत पोहोचायचं असतं. म्हणून इथे खोल नक्षी, धारदार कडा आणि अरुंद टायर. स्विफ्टला १८५/६५ आर १५ बसतो तसाच काही मॉडेलांना १६५/८० आर १४ येतो (पहिला आकडा रुंदीचा, मिलिमीटरमध्ये). सुट्या मुरमावर दुसरा चांगला. रुंद टायर सुट्या थरावर तरंगतो. शिवाय जाड बाजू रिमला दगडापासून वाचवते. ६ मिलिमीटरच्या खाली गेलेला टायर मातीसाठी वापरू नका, तो डांबराच्या सेटला द्या.

हवा पुढे २८, मागे २६ने सुरू करा. उतरवल्याने टायर जमिनीला लांबट ठसा देतो आणि खड्यांवर उड्या मारत नाही. किती खाली जायचं हे ट्रॅकचा तळ ठरवतो. नाशिकच्या जमिनीखाली काळा बेसाल्ट आहे, आणि मुरमाचा थर पातळ असेल तर दहा-पंधरा गाड्या गेल्यावर खालचं डबर उघडं पडतं. अशा ट्रॅकवर २६च्या खाली गेलात तर दोन धोके: रिमची कड दगडावर वाकणे, आणि बाजूच्या जोराने टायरचा मणी (रिमला घट्ट बसणारी आतली कड) रिमवरून सुटणे. ट्यूबलेसचा मणी सुटला की हवा एका क्षणात जाते आणि गाडी रिमवर घसरते. तळ भक्कम, दगडमुक्त मातीचा असेल तर २४पर्यंत उतरून बघायला हरकत नाही. रननंतर रिमच्या कडेवर ताजा ओरखडा किंवा मणी आणि रिम यांच्यामध्ये माती अडकलेली दिसली तर लगेच २ पीएसआय वाढवा.

इथे खडू चालत नाही, माती तो पुसून टाकते. त्याऐवजी धूळ वाचा. रननंतर नक्षीचा जो भाग चकचकीत घासलेला आहे तो काम करतोय. जिथे धुळीचा थर तसाच आहे तो जमिनीला नीट लागलेलाच नाही. मधली पट्टी चकचकीत आणि कडा धुळकट असतील तर हवा जास्त आहे.

ट्रॅक दिवसभरात बदलतो, त्यामुळे आपला धावण्याचा क्रमांक माहीत हवा. सकाळच्या पहिल्या गाड्या सुटा माल झाडून बाजूला करतात. नंतरच्यांना टणक, जवळजवळ डांबरासारखी रेषा मिळते, पण त्या रेषेबाहेर खड्यांचा ढीग असतो. दुपारच्या टणक रेषेवर हवा २ पीएसआय वाढवलेली बरी. मग धूळ बसवायला टँकर पाणी मारून जातो. त्यानंतरचे दोन-तीन रन फसवे: वर निसरडा लेप, आणि मुरमात चिकणमातीचा अंश असेल तर तो नक्षीत भरून टायर गुळगुळीत होतो. टँकरनंतर लगेच तुमचा क्रमांक असेल तर पहिल्या ब्रेकिंगला नेहमीपेक्षा दोन गाड्यांच्या लांबीइतकं आधी थांबायला लागा. काळी माती असलेल्या शेताच्या कडेने ट्रॅक जात असेल तर पावसाळ्यात त्या भागात एक चाकही जाऊ देऊ नका. काळी माती नक्षीत बसली की पुढच्या चार वळणांत निघत नाही.

बाभळीचे काटे हा इथला कायमचा त्रास. ट्यूबलेसमध्ये काटा रुततो आणि स्वतःच भोक बुजवून बसतो, हवा हळूहळू जाते. रनच्या मध्ये एखाद्या टायरची हवा बाकीच्यांसारखी वाढली नसेल तर तिथे काटा आहे असं समजून शोधा. सापडला तर पंक्चर काढायची तयारी असेल तेव्हाच उपटा.

झीज वाचायची कशी

डेप्थ गेजने प्रत्येक टायर आतल्या कडेला, मध्ये आणि बाहेरच्या कडेला मापा. घेराच्या दोन ठिकाणी मापून सरासरी लिहा. स्पर्धेच्या आधी आणि नंतर. बाहेरची कड ५.२वरून ८ रनमध्ये ४.९ झाली, तर एका रनला जवळपास ०.०४ मिलिमीटर. हा आकडा हातात असला की ड्रायव्हिंग सुधारतंय की नाही तेही कळतं: वेळ तीच ठेवून झीज कमी झाली म्हणजे हात सुधारला.

बाहेरचा खांदा गोल झालेला आणि आतली कड जवळजवळ नवी: डांबरावरच्या हॅचबॅकचं हे नेहमीचं दृश्य. आधी हवा तपासा, मग स्टिअरिंगची सवय, आणि शेवटी कॅम्बर, म्हणजे चाकाचा आत-बाहेर कल. मॅकफर्सन स्ट्रट या प्रकारच्या सस्पेन्शनच्या गाडीत बॉडी झुकली की बाहेरचं चाक वरच्या बाजूने बाहेर कलतं आणि सगळा भार खांद्यावर येतो. कॅम्बर बोल्ट लावून उणे १.५ ते २ अंश (चाकाचा वरचा भाग आत कललेला) मिळाले तर खांदा वाचतो. नियमपुस्तिकेत तुमच्या गटाला हा बदल चालतो का, ते आधी बघा. कॅम्बर बदलला की टो (चाकांची पुढची टोकं आत किंवा बाहेर किती वळली आहेत ते) बदलतोच, त्यामुळे लगेच अलाइनमेंट करून घ्या. पुढचा टो शून्य किंवा एकूण १-२ मिलिमीटर बाहेर. जास्त बाहेर ठेवलात तर गाडी पटकन वळते, पण रोजच्या रस्त्यावर आतली कड महिन्याभरात खाल्ली जाते. ही कड खाली वाकून बघितल्याशिवाय दिसत नाही.

मधली पट्टी झिजलेली: हवा जास्त, किंवा स्टार्टला चाकं फिरवण्याची सवय. पुढच्या दोनच टायरवर असेल तर दुसरं कारण, चारही टायरवर असेल तर पहिलं.

तळवा नक्षीवरून आडवा फिरवा. आतून बाहेर नेताना धार लागते आणि बाहेरून आत नेताना गुळगुळीत वाटतं, हे टो-इनचं लक्षण. उलट असेल तर टो-आउट. पण स्पर्धेत वळणांच्या जोरानेही बाहेरच्या टायरवर पहिल्या प्रकारची धार उमटते. म्हणून टोचा निर्णय रोजच्या वापराच्या टायरवरून घ्यावा, स्पर्धेच्या नाही.

नक्षीवर रबराच्या बारीक शेवया: टायर थंड असतानाच जोरात घसरवला. पुढच्या रनला सुरुवात हळू करा, त्या घासून निघतात. छोटे खड्डे किंवा फोड: रबर आतून जास्त तापलं, थांबा आणि थंड करा. गोटीचे कोपरे तुटून पडलेले: नव्या, उंच नक्षीने दगडी तळावर चाकं फिरवली. बाजूला फुगवटा आला असेल तर आतले धागे तुटले आहेत. त्यावर दुरुस्ती नाही, तो टायर त्याच क्षणी काढा, स्टेपनी म्हणूनही ठेवू नका.

प्रत्येक स्पर्धेनंतर पुढचे टायर मागे, मागचे पुढे, त्याच बाजूला. बाजूवर बाण असलेला टायर दुसऱ्या बाजूला नेता येत नाही. एका बाजूची झीज जास्त असेल तर ट्रॅकचं वळण आठवा: डावी वळणं जास्त असली की उजवे टायर जास्त झिजतात. बाण नसलेले टायर मग पुढच्या वेळी बाजू बदलून लावावेत.

पाय आणि हात

पकड म्हणजे कालव्याच्या आवर्तनाचं पाणी आहे असं समजा. एकाच वेळी सगळ्या शेतांना पूर्ण दारं उघडली तर कुणालाच पुरत नाही. ब्रेक, वळण आणि रेस यांना पाळीने द्या: सरळ रेषेत ब्रेक, मग ब्रेक सोडत वळण, मग स्टिअरिंग उघडत रेस.

रस्त्याचा रेडियल टायर साधारण ६ ते १० अंश घसरकोनावर (चाक वळलेलं असतं ती दिशा आणि ते प्रत्यक्ष जातं ती दिशा यांतला कोन) सर्वात जास्त पकड देतो. त्यापुढे स्टिअरिंग आणखी फिरवलं तर पकड वाढत नाही, कमी होते, आणि ते जास्तीचं सगळं फिरवणं बाहेरच्या खांद्याच्या रबरातून वसूल होतं. गाडी वळत नाही म्हणून आणखी फिरवणं ही झिजेची एक नंबरची सवय आहे. उपाय उलटा: रेस थोडी सोडा, स्टिअरिंग १०-१५ अंश उघडा, नाक पकडेल तेव्हा पुन्हा द्या. डांबरावर कान मदत करतात. टायरचा एकसारखा गुणगुणणारा आवाज म्हणजे काम चालू आहे. खरखरीत किंवा किंचाळणारा आवाज म्हणजे रबर जातंय आणि वेळही जातेय. मातीवर तो आवाज नसतो, तिथे स्टिअरिंग अचानक हलकं होणं हीच खूण.

स्टार्टला चाकं फिरवून धूर काढण्यात वेळ जातो. क्लच सोडताना चाक जेमतेम घसरेल इतकीच रेस द्या. हँडब्रेकच्या वळणात मागचे टायर एका जागी घासून सपाट होतात, तेव्हा डांबरावर हँडब्रेक अर्ध्या सेकंदाच्या झटक्याचाच हवा. मातीवर तो तितका महाग पडत नाही.

घरी नेताना

रस्त्यावर निघण्याआधी हवा गाडीच्या दारावर लिहिलेल्या आकड्याला आणा. २६वर हायवेला लागलात तर बाजू लवून तापते आणि टायर फुटू शकतो. ४०वर पावसात ब्रेकला पकड कमी मिळते. चाकाचे नट मॅन्युअलमधल्या टॉर्कला, समोरासमोरच्या क्रमाने घट्ट करा. पहिल्या रननंतर ते एकदा तपासलेले असायला हवेतच.

मुंबई-आग्रा हायवेवर ८०च्या पुढे स्टिअरिंग थरथरू लागलं तर लगेच बॅलन्सिंगच्या दुकानात जाऊ नका. रिमच्या आतल्या बाजूला चिखल वाळून बसलेला असतो आणि तोच चाक हलवतो. चाक काढून आतून धुवा. थरथर गेली नाही तरच बॅलन्सिंग, कारण चिकटवलेलं वजन दगडाने उडालेलं असू शकतं.

स्पर्धेचा सेट साध्या पाण्याने धुऊन वाळवा. टायर चमकवायची पॉलिशं नक्षीच्या जवळही नेऊ नका. काळ्या प्लास्टिकच्या पिशवीत बांधून अंधाऱ्या, थंड जागी ठेवा: रिमवर बसवलेले असतील तर आडवे एकावर एक, नुसते टायर असतील तर उभे, आणि महिन्यातून एकदा थोडे फिरवून. गच्चीवर पत्र्याखाली ठेवलेला सेट नाशिकच्या एका उन्हाळ्यात कडक होतो. पाण्याच्या मोटरजवळ किंवा इन्व्हर्टरच्या खोलीतही नको, विजेच्या ठिणग्यांनी तयार होणारा ओझोन वायू रबराला बारीक चिरा पाडतो. पिशवीवर मार्करने लिहा: कोणत्या चाकाचा, किती मिलिमीटर उरला, किती रन झाले.